मालगुजाराचा वाडा वाचवायचा तर आधी शिडी लावा

प्रश्न नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यातल्या एका खेड्यातून आला आहे. तिथे मालगुजार घराण्याचा चौकाचा दुमजली वाडा आहे, १८६० च्या आसपास बांधलेला असं घरात सांगतात. पुढच्या दोन खोल्यांत एक वयस्कर काकू राहतात, बाकी वाडा बंद. गेल्या पावसात मागची भिंत बसली. ठेकेदार म्हणतो, कवेलू (कौलं) काढा, वर स्लॅब टाका, भिंतींना सिमेंटचं प्लास्टर करा, मग वीस वर्षं बघायला नको. काका म्हणतात, सागवानाला गिऱ्हाईक आहे, विकून मोकळे व्हा. प्रश्न विचारणाऱ्या ताई नागपुरात नोकरी करतात. त्यांचं विचारणं असं की वाडा वाचेल का, सुरुवात कुठून करायची, आणि तो खरंच किती जुना आहे?

ताई, तुम्ही पाठवलेले फोटो मी दोनदा नीट बघितले. वाडा वाचतो. धीर द्यायचा म्हणून हे लिहीत नाही. चौकातले खांब ओळंब्यात उभे आहेत आणि वरची मयाल, म्हणजे मुख्य तुळई, कुठेही पोटात आलेली नाही, एवढं फोटोतूनही दिसतं. बसलेली भिंत बघून तुम्ही घाबरलात ते स्वाभाविक आहे, पण या बांधणीत मुख्य ओझं खांबांवर असतं. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, त्यावर हस्त (लाकडी आधार), हस्तांवर मयाल, तिच्यावर कड्या (बारीक तुळया) आणि वर पाटण (फळ्यांची जमीन). मधल्या पांढऱ्या मातीच्या भिंती आडोशाच्या आणि गारव्याच्या. बाहेरच्या भिंतींवर मात्र मयालींची टोकं टेकलेली असतात, आणि तुमची नेमकी तीच भिंत गेली आहे. म्हणजे मागच्या सोप्यातल्या तीन-चार मयालींची टोकं आज अधांतरी असणार. त्यांना याच आठवड्यात टेकू द्या. चांगल्या जाड बल्ल्या घ्या, बुडाशी हातभर लांबीची फळी ठेवा म्हणजे बल्ली जमिनीत रुतणार नाही, आणि पाचर हातोडीने हलकेच ठोका. टेकू मयालीला फक्त भिडला पाहिजे, तिला वर उचलायला जाऊ नका. दीडशे वर्षं एका जागी बसलेलं लाकूड एका दिवसात उचललं की दुसरीकडचा सांधा उघडतो. टेकू लागेपर्यंत मागच्या खोल्यांत कोणी जायचं नाही, काकूंनाही हे बजावून सांगा.

आता मुख्य मुद्दा. सत्तावीस वर्षं मी नागपूर, भंडारा, वर्धा या भागात जुनी घरं दुरुस्त करतो आहे. वय झालं म्हणून पडलेला वाडा मला आजवर दिसलेला नाही. जे पडले त्यांची दरवर्षीची कामं कोणत्या तरी वर्षी थांबली होती. हे थांबण्याला आपल्या भागात एक तारीख आहे. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, आणि त्या दशकातल्या जमीन-महसुलाच्या बंदोबस्तात मालगुजाराला गावाची मालकी मिळाली. भोसल्यांच्या काळात तो मुख्यतः सारा गोळा करून भरणारा माणूस होता. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात पोचली. हातात पैसा होता, मालकी पक्की होती, म्हणून मालगुजारांनी पक्के वाडे उभे केले. तुमच्या घरातली १८६० ची आठवण या चौकटीत बसते. मग ती तारीख आली, ३१ मार्च १९५१. मालगुजारी गेली. वाडा घराण्याकडे राहिला, पण त्याला दरवर्षी लागणारे हात गेले. कुंभार कवेलू देई, वाढई लाकडाचं बघे, बेलदार जोत्याचं, बाया सारवण-पोतारा करीत. त्यातलं किती मजुरी देऊन होई आणि किती वेठीनं, हे घराघरावर होतं. वाड्याचा इतिहास लिहाल तेव्हा हेही लिहा. तो वाडा त्या हातांचाही आहे.

हे सगळं सांगतो ते एवढ्यासाठी की ठेकेदाराचं ‘वीस वर्षं बघायला नको’ हे वाक्य तुम्हाला मोहात पाडणारं आहे. तशी सोय या घरात नाही. हे घर दरवर्षी बघावं लागतं, आणि दरवर्षी बघितलं तर खर्च थोडाच येतो. त्यामुळे मोठ्या दुरुस्तीचा आराखडा करण्याआधी ठरवा की दर मे महिन्यात छतावर कोण चढणार. त्या माणसाचं नाव ठरल्याशिवाय बाकीच्या पैशाला हात लावू नका.

छताकडे येतो, कारण निम्मं काम तिथेच आहे. तुमच्या फोटोत चौकाच्या चारही बाजूंचे उतार आत येतात आणि कोपऱ्यांत एकमेकांना मिळतात. त्या चार कोनांच्या पन्हाळ्या हे वाड्याचं सर्वांत दुबळं ठिकाण. दोन उतारांचं पाणी एका रेषेत येतं, पाला साचतो, पाणी कवेलूंखाली शिरतं आणि थेट कोपऱ्यातल्या खांबाच्या डोक्यावर उतरतं. ईशान्येच्या खांबावर जो काळा ओघळ दिसतो तो हाच. तिथली कवेलू काढून आत जस्ती पत्र्याची रुंद पन्हाळ बसवा. दोन्ही बाजूंना पत्रा किमान वीतभर कवेलूंच्या आत गेला पाहिजे, आणि त्याच्या कडा वर दुमडलेल्या हव्यात, नाहीतर जोराच्या पावसात पाणी पलीकडे उडी मारतं.

कवेलू फेरण्याचं काम मृगाच्या आधी, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात करायचं. सगळं छत उघडू नका. एका वेळी एक पट्टा घ्या, तो संध्याकाळपर्यंत झाकून टाका, कारण वळवाचा पाऊस सांगून येत नाही. काढलेलं प्रत्येक कवेलू बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत आवाज आला तर चांगलं, बोदा आला तर त्याला तडा आहे. शंका असलेली रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी हाताला जड आणि ठिसूळ लागली तर ती बाद. नळीची कवेलू करणारे कुंभार आता फार थोडे उरलेत, त्यामुळे गावात कुणाचं जुनं घर पाडत असतील तर आजच बोलून ठेवा. पाडणाऱ्याला ती फेकायचीच असतात. जुनी जुळणारी कवेलू दर्शनी उतारावर लावा, नवी मागे. खालचे बांबूचे तट्टे कुजले असतील तर तेही याच वेळी बदला, दोनदा छत उघडायला लागू नये.

वानरांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. आपल्याकडे कवेलू फुटण्याचं पहिलं कारण वानरं आहेत, गारा त्यानंतर. छतावर जाळी टाकलेली मी बघितली आहे, तिच्यात पाला अडकून छत जास्त गळतं. त्यापेक्षा वाड्यावर झुकलेली चिंचेची फांदी छाटा म्हणजे उडी मारायची जागा जाईल, आणि दीडदोनशे कवेलू ओसरीच्या कोपऱ्यात रचून ठेवा. फुटलं की त्याच दिवशी बदलायचं. पावसाळ्यात एकच कवेलू सरकलं तर चार महिन्यांत त्याखालची कडी कुजू लागते.

स्लॅबबद्दल थोडक्यात. १२ सेंटीमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब चौरस मीटरला साधारण ३०० किलो भरतो. गावठी कवेलूंचं छत लाकडी पट्ट्यांसकट, एकेरी असेल तर ७० च्या आसपास, दुहेरी असेल तर १२० च्या आसपास. खांबांना आणि त्यांच्या खालच्या तळखड्यांना त्या छताचा हिशेब माहीत आहे, स्लॅबचा नाही. शिवाय मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो तेव्हा कवेलूंच्या फटींतून माडीची गरम हवा निघून जाते. स्लॅबखाली त्या माडीवर दुपारी कोणी बसू शकणार नाही.

पाण्याची दुसरी वाट खालून येते, आणि ती खेड्यांत हल्ली फार वाढली आहे. तुमच्या दिंडी दरवाज्याचा उंबरा आता रस्त्याच्या पातळीला आलेला दिसतो. जुन्या फोटोत त्याला दोन पायऱ्या होत्या. जमीन वर आली, कारण दर खेपेला जुन्यावरच नवा सिमेंट रस्ता टाकतात. त्यामुळे रस्त्याचं पाणी जोत्याच्या दगडांवर न थांबता वरच्या मातीच्या भिंतीला लागतं. ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या की पुढच्या वेळी जुना थर खरवडूनच नवा टाकावा आणि नाली तुमच्या बाजूला न काढता पलीकडे काढावी. सोबत जुना आणि आताचा फोटो जोडा. तोवर आपल्या हद्दीत भिंतीपासून तीन-चार फुटांवर उथळ चर काढून त्याला उतार द्या. भिंतीला लागून मात्र चर खणू नका. चौकातली मोरीही उपसा. ती बुजलेली असणार, आणि चौकात साचलेलं पाणी बाहेर न जाता सगळ्या खांबांच्या बुडाशी मुरत असणार. एका वाड्यात आम्ही मोरी उपसली तेव्हा आतून शेणमाती, खेळण्यातले लगोर आणि पितळी घंटी निघाली. त्या वर्षी दुसरं काहीही न करता माजघराची ओल गुडघ्याएवढी खाली आली.

सिमेंटविषयी मला माझीच चूक सांगायला हवी. काम सुरू करून पाच-सहा वर्षं झाली असतील. सावनेरच्या बाजूला एक गढीवजा घर होतं, भिंती दोन हात जाड, पांढऱ्या मातीच्या. खालच्या तीन फुटांत लोणा (क्षार) लागून माती झडत होती. मालकांना घाई होती, मलाही होती. मी त्या पट्ट्याला सिमेंटचा गिलावा करू दिला. वर्षभर भिंत देखणी दिसली. दुसऱ्या पावसानंतर ओल गिलाव्याच्या वर, छातीपर्यंत आली. तिसऱ्या वर्षी गिलावा ढलपीसारखा सुटला आणि त्याच्या पाठीला चिकटून चार बोटं भिंत बाहेर आली. ज्या कोपऱ्यात धान्याचं बळद होतं तो कोपरा त्या वर्षी बसला. माणूस कोणी सापडलं नाही, हे नशीब. मी पुन्हा कधीच मातीच्या भिंतीला सिमेंट लावू दिलं नाही.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे ठेकेदाराशी बोलता येईल. मातीची भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते. ते तिच्या अंगातून हवेत उडून जातं म्हणून ओल एका उंचीवर थांबते. सिमेंट ती उडायची वाट बंद करतं, मग पाणी वर चढत राहतं. पाण्यातले क्षार गिलाव्याच्या मागे साठतात, त्यांचे खडे बनताना माती फोडतात. त्यात आपल्या भागातली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, घर दरवर्षी केसभर हलतं. चुन्याचा गिलावा त्या हालचालीला थोडा वाकतो आणि बारीक चिरा स्वतःच बुजवतो, कारण पावसाचं पाणी चुना विरघळवून पुन्हा त्याच चिरेत बसवतं. सिमेंट सरळ तडकतं आणि त्या तड्यातून आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही.

म्हणून दर्शनी विटांच्या भागाला चुना, आणि मातीच्या भिंतींना मातीच. चुन्यासाठी चुनाकळी (भाजलेल्या चुनखडीचे खडे) घ्या. आपल्याकडे ती वणीच्या बाजूची किंवा कटनीची मिळते. बाजारात पिशवीत मिळणारी जुनी चुना-पूड घेऊ नका, तिची ताकद बहुतेक उडून गेलेली असते. कळी खड्ड्यात विझवायची, वर पाण्याचा थर ठेवून किमान महिनाभर मुरू द्यायची. विझवताना पाणी उकळून उडतं, डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो, त्यामुळे चष्मा लावल्याशिवाय कोणीही खड्ड्याजवळ उभं राहायचं नाही आणि गावातली पोरं तर अंगणातही नकोत. मुरलेला चुना, सुरखी (विटांची पूड) आणि धुतलेली रेती सारख्या मापाने घेऊन सुरुवात करा. हे माप म्हणजे नियम नव्हे. भिंतीच्या आडबाजूला हातभर चौकोनात नमुना लावा आणि महिनाभर बघा. तडे गेले तर रेती वाढवा, पूड झडली तर चुना. जुने मिस्त्री त्यात बेलफळाचा गर, गूळ, हिरड्याचं पाणी घालतात. मी बेल आणि गूळ वापरतो. पण आधी मूळ मिश्रण बरोबर जमलं पाहिजे, मग बाकीचं. एक थर बोटाच्या जाडीहून जास्त नको. चुना घट्ट व्हायला हवा लागते आणि ओलही, म्हणून गोणपाट लावून दोन-तीन आठवडे भिजवत ठेवावा. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये तो घट्ट व्हायच्या आतच कोरडा पडतो आणि नखाने निघतो. चुन्याचं काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीत संपवा.

मागची बसलेली भिंत पुन्हा बांधताना तिचीच माती वापरा. ढीग उचलून फेकून देऊ नका, ताडपत्रीखाली झाका. पांढरी माती ही जुन्या वस्तीची, पिढ्यान्‌पिढ्या बसलेली माती असते, ती काळ्या मातीसारखी फुगत नाही म्हणूनच भिंतीला घेत. शेतातली काळी माती आणून त्यात मिसळण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तणस (भाताचा पेंढा) बारीक कापून मातीत कालवा, पंधरा दिवस मुरू द्या, रोज पायाने तुडवा. भिंत दिवसाला हातभरापेक्षा उंच घेऊ नका. मयालींची टोकं पुन्हा भिंतीत जातील तिथे त्यांच्याभोवती बोटभर मोकळी जागा ठेवा, हवा खेळली तर टोक कुजत नाही. त्या टोकांतली कुजलेली असतील तेवढीच कापून नवं सागवान तिरप्या सांध्याने जोडायचं. हातभर टोकासाठी अख्खी मयाल बदलू नका.

लाकूड तपासायला टोच्या पुरतो. खांबाच्या बुडाशी, मयालीच्या टोकाशी आणि पन्हाळीखालच्या कड्यांत टोचून बघा. जुन्या सागाचा गाभा उधई (वाळवी) सहसा खात नाही, ती बाहेरचं पांढरट लाकूड खाते. त्यामुळे वरून भुगा दिसला तरी आत गाभा ठणठणीत असू शकतो. हातोडीने ठोकून आवाज ऐका. खांबांवरचा ऑइलपेंट काढताना आगीची फुंकणी आणि वाळूचा मारा दोन्ही नको, हस्तांवरची नक्षी कायमची बोथट होते. खरवडणी, चिकाटी आणि वेळ. मग जवसाचं उकळलेलं तेल, थोडं टर्पेंटाइन घालून, अगदी पातळ हाताने तीन वेळा, प्रत्येक वेळी पूर्ण वाळू देऊन. जवस आपल्याच भागातलं, आणि आपले वाढई तेच वापरत आले. तेलाने भिजलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्याने भरलेल्या डब्यात टाका किंवा उन्हात एकेक पसरून वाळवा.

आगीचं नाव निघालं म्हणून सांगतो, वाड्यातली वायर पहिल्या वर्षीच बदला. फोटोत उघड्या वायरी थेट कड्यांवर खिळलेल्या आहेत. नागपूरच्या महाल भागातला भोसल्यांचा राजवाडा, कोरीव लाकडाने भरलेला, १८६४ मध्ये जळाला, आणि त्याच्या वैभवाची कल्पना करायला आज मुख्यतः दरवाजाच उरला आहे. वायरी लोखंडी नळीतून न्या आणि बंद भागाचा प्रवाह खालूनच तोडता येईल असा खटका बसवा.

किती जुना, हा तुमचा तिसरा प्रश्न. घर स्वतःच बरंच सांगतं. खिळे हाताने ठोकलेले, चौकोनी अंगाचे असतील तर ते जुन्या कामाचे. गोल तारेचे खिळे नंतरचे. कड्यांवर करवतीच्या खुणा तिरप्या आणि कमीजास्त असतील तर हाताची करवत, कमानीसारख्या असतील तर यंत्राची चकती. पुढच्या सपरीवर (पडवीवर) जी चपटी मंगलोरी कवेलू दिसतात ती १८६० ची असूच शकत नाहीत, कारण मंगळूरचा पहिला कारखानाच १८६५ चा, आणि तिथला माल आपल्यापर्यंत यायला रेल्वे हवी. म्हणजे सपरी एकतर नंतर जोडली किंवा तिचं छत नंतर बदललं. माडीखाली लोखंडी गर्डर आहे का ते बघा. त्यावर ‘डॉर्मन लाँग’ असा ठसा असेल तर ती इंग्लंडातली कंपनी १८७५ ची, म्हणजे तो भाग त्यानंतरचा. टाटांचा ठसा असेल तर विसाव्या शतकातला. मूळ बांधणीत कुठे सिमेंट सापडलं तर ती दुरुस्ती आहे, मूळ काम नाही. असे चार-पाच थर वेगळे करता आले की वाड्याची एक तारीख सांगायची गरज राहत नाही, कोणता भाग कधीचा ते सांगता येतं. आणि तुमची सपरी नंतरची निघाली तरी ती पाडून वाडा ‘मूळ रूपात’ आणायला जाऊ नका. शंभर वर्षं तिथे बसून लोकांनी निवाडे ऐकले असतील.

कागदांमध्ये बंदोबस्ताची मिसल (महसुली दप्तर) आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या रूढी-हक्कांची नोंद) शोधा. जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात रीतसर अर्ज करून गावाच्या नावाने विचारा. घर कधी बांधलं हे त्यात मिळणार नाही, पण त्या वेळी मालगुजार कोण होता ते मिळेल, आणि वंशावळीशी पडताळता येईल. घरातल्या पेट्या, वह्या, मोडीतले कागद वाळवीने खाल्लेले असले तरी रद्दीत घालू नका. ते उघडून उन्हात टाकू नका, सावलीत हवेशीर ठेवा आणि मोडी वाचणाऱ्याला दाखवा. काकूंना घेऊन एक दिवस वाड्यात फिरा आणि प्रत्येक खोलीला त्या काय म्हणतात ते लिहून घ्या. कोणत्या खोलीत बाळंतीण ठेवत, धान्याचं पेव कुठे होतं, आडाचं पाणी कधी आटलं. हे काम पावसाळ्यापर्यंतही लांबवू नका.

काकांविषयी. त्यांच्यावर रागावू नका. पाच हिस्सेदारांचं घर, उत्पन्न शून्य आणि दरवर्षी गळती, त्यात माणूस थकतो. पण त्यांना हे सांगा की इमारतीतून सुटी केलेली शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू आणि बहुमूल्य कलाकृती कायद्याने पुरावस्तूत धरली जाते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. कोरीव हस्त आणि चौकटी घ्यायला जो येतो तो हे तुम्हाला सांगणार नाही. आणि सागवानाचा भाव लाकडाच्या मापाने मिळतो, कारागिरीचा कोणी देत नाही. सगळ्या हिस्सेदारांची सही घेऊन एक साधा करार करा की पुढची पाच वर्षं कोणीही काहीही विकणार नाही आणि दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा. बहिणींना आणि आत्यांच्या मुलांनाही त्यात घ्या, त्यांचा हक्क आहे आणि बहुतेक वेळा जीवही त्यांचाच जास्त असतो.

सरकारी संरक्षणाचा रस्ता १९६० च्या महाराष्ट्र कायद्यातून जातो, पण सामान्य वाड्यासाठी त्याची वाट बघत छत गळू देऊ नका. नागपूर शहरातल्या वारसा वास्तूंसाठी समिती आहे, खेड्यातल्या वाड्याला तिचं छत्र नाही. गावकऱ्यांत एक भीती असते की वाडा ‘पुरातत्त्व’मध्ये गेला तर शंभर मीटरमध्ये कोणालाच घर बांधता येणार नाही. तो नियम केंद्राने संरक्षित केलेल्या राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी आहे. तुम्ही स्वतःचं घर नीट ठेवल्याने शेजाऱ्याच्या घरकुलावर काही येत नाही, हे ग्रामसभेत मोकळेपणाने सांगा. इंटॅक ही १९८४ पासून वारसा जतनाचं काम करणारी संस्था, तिची नागपुरातही शाखा आहे. आराखडा आणि सल्ला यासाठी त्यांच्याशी बोला.

दुरुस्तीनंतर काय करायचं, यावर मी फार लिहीत नाही, कारण ते तुम्हा सगळ्यांनी ठरवायचं आहे. एवढंच म्हणेन की पहिल्या दिवसापासून संग्रहालयाचा विचार करू नका. रोज दारं उघडली, चौक झाडला, चूल पेटली तर वटवाघळं येत नाहीत, उधईची माती लगेच दिसते आणि पन्हाळीतला पाला वेळेवर निघतो. काकू राहतात म्हणूनच पुढच्या दोन खोल्या कोरड्या आहेत, हे तुमच्याच फोटोत दिसतं. मागची बाजू टेकली की पहिल्यांदा काकूंच्या खोलीला लागून असलेलं माजघर वापरात आणा. पुढच्या वर्षी दिवाणखाना. गावातल्या पोरांना अभ्यासाला संध्याकाळी तो उघडला तरी पुष्कळ.

भिंतीतून उगवलेलं पिंपळाचं रोप मात्र उपटू नका, मुळासकट चार विटा येतील. बुडाशी कापून मूळ मारायचं आणि भोक चुन्याने बुजवायचं. ते कसं, हे प्रत्यक्षच दाखवावं लागेल.

यंदा एवढंच करा. आत्ता टेकू आणि ताडपत्री, मेमध्ये चार पन्हाळ्या आणि कवेलू, मृगाआधी मोरी आणि चर, आणि वायरी. भिंत आणि गिलावा दिवाळीनंतर. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ओलीच्या रेषेवर पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहा, प्रत्येक खोलीत. मेच्या शेवटच्या आठवड्यात मी उमरेडच्या एका कामावर आहे, तिथून तुमच्याकडे येऊन जाईन. पंधरा फुटी शिडी, दोन बल्ल्या आणि छतावर चढायला न घाबरणारा गावातलाच एक जण तयार ठेवा. शक्यतो पुढच्या मेमध्येही जो गावात असेल, असा.